टोल्युईन ४२ पीपीएम, शेरा ‘मर्यादेत’: हा अहवाल वाचायचा तरी कसा?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझा भाचा वडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षांपासून काम करतो. जुन्या टायरवर नवा पट्टा चढवताना जे रबर सोल्युशन लावतात, ते तिथे तयार होते; म्हणजे कच्च्या रबराचे तुकडे टोल्युईन या द्रावकात भिजवून, घोटून, डब्यांत भरायचे. पाळी बारा तासांची असते. गेल्या काही महिन्यांपासून संध्याकाळी त्याचे डोके जड होते, चिडचिड वाढते आणि साप्ताहिक सुट्टीच्या दुपारपर्यंत सगळे आपोआप निवळते. त्याने व्यवस्थापकांकडे विषय काढला, तेव्हा त्याला सूचनाफलकावर लावलेला हवेच्या तपासणीचा अहवाल दाखवण्यात आला. त्याने फोटो काढून मला पाठवला आहे. त्यात एकच ओळ कामाची आहे: टोल्युईन ४२ पीपीएम, अनुज्ञेय मर्यादा १०० पीपीएम, शेरा ‘मर्यादेत’. नमुना उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात सकाळी १० ते ११ या वेळेत, ‘मिश्रण विभाग, मध्यभागी’ घेतल्याचे लिहिले आहे.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे ४२ हा आकडा १०० पेक्षा लहान आहे एवढे मला कळते. मात्र हे ४२ नेमके कशाचे आहेत, १०० हा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला, आणि आकडा लहान असताना मुलाचे डोके का दुखते, हे समजत नाही. इथे रसायन उद्योगात हयात घालवलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

सयाजीबाग

काका, निम्म्याहूनही कमी आहे, त्यामुळे वायूचा संबंध नसावा असे वाटते. वडोद्याचा हा एप्रिल आणि पत्र्याच्या शेडमधले बारा तास, एवढे डोके दुखायला पुरेसे आहे. पाणी आणि मीठसाखर भरपूर घ्यायला सांगा.

पाळीप्रमुख

सयाजीबाग यांचा सल्ला चुकीचा नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. मी रणोली आणि नांदेसरी परिसरातल्या कारखान्यांत सत्तावीस वर्षे सुरक्षा विभागात काढली, त्या अनुभवावरून काही गोष्टी क्रमाने मांडतो. उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे किती भाग, ते. आता १०० या आकड्याविषयी. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ यात दुरुस्ती झाली आणि कलम ४१-एफ तसेच दुसरी अनुसूची कायद्यात आली. तुमच्या अहवालातला १०० हा त्याच अनुसूचीतला आकडा आहे. तिथे टोल्युईनसमोर दोन जोड्या दिल्या आहेत: आठ तासांच्या कालभारित सरासरीसाठी १०० पीपीएम, म्हणजे घनमीटरला ३७५ मिलिग्रॅम, आणि अल्पकालीन संपर्कासाठी १५० पीपीएम, म्हणजे ५६० मिलिग्रॅम. अल्पकालीन म्हणजे पंधरा मिनिटे, तीही दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही आणि दोन वेळांमध्ये किमान एक तासाचे अंतर ठेवून. अहवालात यातली पहिली जोडी छापली आहे आणि दुसरी गाळली आहे. सोल्युशनच्या कामात कामगाराला जाच होतो तो बहुतेक दुसऱ्या जोडीच्या प्रदेशात, म्हणून हे गाळणे मला किरकोळ वाटत नाही.

‘आठ तासांची सरासरी’ हे शब्द नीट धरून ठेवा. ती हवेची सरासरी नसून माणसाच्या श्वासातल्या हवेची, त्याच्या पूर्ण दिवसाची सरासरी आहे. सकाळच्या एका तासात खोलीच्या मध्यभागी मिळालेला आकडा हा त्या जागेचा, त्या तासाचा आकडा होय. तुमचा भाचा त्या तासात कुठे उभा होता?

दांडियाबाजारकर

त्याला आत्ताच फोनवर विचारले. सकाळी आठ ते साडेनऊ ते ड्रममधून टोल्युईन बादलीने मोजून टाकीत ओततात. त्यानंतर घोटणी चालू होते आणि तिथे फारसे काही करावे लागत नाही. संध्याकाळी शेवटचा तासभर टाकी आणि पाती साफ करायची असतात. त्यासाठी चिंध्या टोल्युईनमध्ये बुडवून, कमरेपर्यंत वाकून पुसावे लागते. नमुना घ्यायला माणूस आला होता, तेव्हा ओतण्याचे काम संपले होते, दोन्ही दारे सताड उघडी होती आणि पंखे चालू होते. तो म्हणाला, “मामा, त्या दिवशी तर वासही नव्हता.”

पाळीप्रमुख

म्हणजे दिवसातला सर्वांत निवांत तास मोजला गेला. कोणी मुद्दाम तसे केले असेलच असे नाही. तपासणीस येणाऱ्यांना त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी जायचे असते, हे मी स्वतः पाहिले आहे.

तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, म्हणून एक गणित घालतो. यातले आकडे मी केवळ समजण्यासाठी धरले आहेत, ते तुमच्या भाच्याच्या कारखान्याचे मोजमाप नव्हे. समजा, ओतण्याच्या दीड तासात श्वासाच्या पातळीवर १८० पीपीएम होते, घोटणीच्या आठ तासांत ५५, सफाईच्या एका तासात ३१० आणि जेवण-चहाच्या दीड तासात बाहेर शून्य. गुणाकार करून बेरीज घेतली तर २७०, ४४० आणि ३१० मिळून १०२० पीपीएम-तास होतात. याला बाराने भागले तर ८५ येतात आणि कोणीही ‘मर्यादेत’ असा शेरा मारून मोकळा होईल. परंतु मर्यादा आठ तासांसाठी आहे, त्यामुळे भागाकार आठने करायला हवा. तो १२७.५ येतो आणि मर्यादा ओलांडली जाते. हवा तीच, माणूस तोच, फक्त भाजक बदलला. शिवाय १८० आणि ३१० हे दोन्ही आकडे १५० च्या अल्पकालीन मर्यादेच्या वर, तेही पंधरा मिनिटे नव्हे तर तासभर. म्हणजे सरासरीकडे जाण्याआधीच प्रश्न निकालात निघाला.

शंकेखोर

एक मूलभूत शंका आहे. बारा तासांची पाळी असली, तर आठवड्यातले दिवस कमी होतात. गुजरातने २०२५ मध्ये कायदा बदलून दिवसाचे कमाल तास नऊवरून बारावर नेले, पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली. मग आठवड्याचा एकूण संपर्क तेवढाच राहतो, आणि अशा वेळी मर्यादा कडक करण्याला आधार काय?

पाळीप्रमुख

आधार असा की शरीर आठवड्याचा हिशेब ठेवत नाही. आठ तास काम म्हणजे सोळा तास विश्रांती. बारा तास काम म्हणजे उरतात फक्त बारा. आत जाण्याचा वेळ दीडपट होतो आणि बाहेर पडण्याचा पाऊणपट. १९७५ मध्ये ब्रीफ आणि स्काला या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी यासाठी साधे सूत्र मांडले. आठ भागिले पाळीचे तास, गुणिले विश्रांतीचे तास भागिले सोळा. बारा तासांसाठी ते दोन तृतीयांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे बरोबर अर्धे येते. त्यामुळे १०० ची मर्यादा ५० धरावी लागते. आपल्या अनुसूचीत हे सूत्र नाही, म्हणून कोणी न पाळल्यास त्याला कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. परंतु औद्योगिक आरोग्याचा व्यवसाय करणारा कोणताही जाणकार बारा तासांच्या पाळीवर हे गणित केल्याशिवाय सही करत नाही, निदान करू नये. भाच्याच्या बाबतीत आठवड्यातले दिवस खरोखर चारच आहेत का, हेही विचारून घ्या.

दांडियाबाजारकर

सहा दिवस. वरचे तास ‘ओव्हरटाइम’ म्हणून रोख मिळतात, असे तो म्हणतो.

शंकेखोर

तर मग माझी शंका मागे घेतो.

कोळशाची नळी

मी एका प्रयोगशाळेत नमुन्यांचे विश्लेषण करते, म्हणून मोजण्याच्या बाजूविषयी लिहिते. टोल्युईनचा वैयक्तिक नमुना घेण्याची रूढ पद्धत म्हणजे कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरला काचेची बारीक नळी. नळीत नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा असतो. नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आतली हवा त्यातून मिनिटाला पाव लिटरपेक्षाही कमी वेगाने ओढली जाते आणि टोल्युईन कोळशाला चिकटते. आम्ही ते कार्बन डायसल्फाइडने सोडवून गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजतो. नळीत कोळशाचे दोन भाग असतात. मागच्या छोट्या भागातही बरेच टोल्युईन सापडले, तर पुढचा भाग भरून वाहिला असे समजून नमुना बाद करावा लागतो. अहवालात नळी किती वेळ, किती वेगाने आणि कोणाच्या अंगावर होती हे लिहिलेले नसेल, तर त्या आकड्याला माझ्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. तुमच्या अहवालात ‘मध्यभागी’ लिहिले आहे, म्हणजे पंप स्टँडवर होता.

आणखी एक गोष्ट विचारा. सुरक्षा अधिकारी हातातले एखादे यंत्र दाखवून “बघा, शून्य” असे म्हणतात का? तसे असेल तर ते बहुधा स्फोटमर्यादा मोजणारे यंत्र असते. टोल्युईनची वाफ हवेत सुमारे १.१ टक्के झाली की ती पेट घेऊ शकते, म्हणजे ११,००० पीपीएम. त्या यंत्रावर हीच पातळी १०० टक्के धरलेली असते, म्हणून त्यावरचा एक टक्का म्हणजे ११० पीपीएम. आरोग्याची मर्यादा ओलांडली तरी पडद्यावर शून्यच दिसत राहील. ते आग टाळण्यासाठी उत्तम यंत्र आहे, फुप्फुसासाठी नव्हे.

दांडियाबाजारकर

ताई, अगदी तेच यंत्र दाखवले होते. पिवळ्या रंगाचे आहे, असे तो म्हणतो.

कोळशाची नळी

रंगावरून काही सांगता येणार नाही, पण पडद्यावर टक्क्याचे चिन्ह असेल तर तेच.

आता ऋतूविषयी, कारण नमुना जानेवारीतला आहे आणि आपण एप्रिलअखेरीस बोलत आहोत. टोल्युईनचा बाष्पदाब २० अंशांना पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटर असतो आणि ४० अंशांना सुमारे ५९. म्हणजे तीच बादली, तेच ओतणे, पण मे महिन्यातल्या दुपारी उघड्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या वाफेचा जोर अडीच पटींहून जास्त. संक्रांतीच्या थंडीत घेतलेला एक नमुना वर्षभर फलकावर लावून ठेवणे मला पटत नाही. आमच्याकडे उद्योजक हिवाळ्यात नमुने द्यायला जास्त उत्सुक असतात का, या प्रश्नाचे उत्तर मी नोकरीत असेपर्यंत देणार नाही.

मकरपुरा लघुउद्योजक

चर्चा एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. माझाही याच वसाहतीत रंगाचा छोटा कारखाना आहे. धाग्यातल्या कारखान्याशी माझा संबंध नाही. आम्ही कोणी माणसांना त्रास व्हावा म्हणून धंदा करत नाही. कायदा १०० म्हणतो, प्रयोगशाळा ४२ म्हणते, मग मी आणखी काय करायला हवे होते? उद्या तुम्ही ५० म्हणाल, परवा २० म्हणाल. आकडा दरवर्षी बदलणार असेल तर यंत्रणा कोणत्या आकड्यावर उभी करायची? आणि वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते, ती खालीच बसते, म्हणून आम्ही जमिनीलगत पंखे लावले आहेत. तेवढे पुरेसे नाही का?

पाळीप्रमुख

तुमची अडचण खरी आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. आकड्यांचा इतिहास मात्र तुमच्या समजुतीच्या उलट आहे: आकडे दरवर्षी बदलत नाहीत, ते फार हळू बदलतात. अमेरिकेच्या शासकीय यंत्रणेची म्हणजे ‘ओशा’ची टोल्युईनची मर्यादा २०० पीपीएम आहे आणि ती १९७० च्या दशकाच्या आरंभापासून तशीच आहे. १९८९ मध्ये त्यांनी शेकडो पदार्थांच्या मर्यादा एकदम सुधारल्या, त्यात टोल्युईन १०० वर आणले. पण १९९२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती संपूर्ण सुधारणा रद्द केली आणि सगळे आकडे जुन्या जागी परतले. न्यायालयाचे म्हणणे असे की प्रत्येक पदार्थाचा धोका स्वतंत्रपणे सिद्ध करायला हवा. म्हणजे २०० हा आकडा विज्ञानाने राखलेला नाही, खटल्याने राखलेला आहे. त्याच देशातल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या ‘एसीजीआयएच’ या बिगरसरकारी संस्थेने १०० वरून ५० आणि २००७ मध्ये २० पीपीएम अशी शिफारस केली. तिचा आधार दृष्टीवरचा परिणाम आणि गर्भपाताचा धोका हा होता. युरोपीय संघाने २००६ मध्ये ५० पीपीएम आणि अल्पकालीन १०० असे आकडे दिले. एकाच द्रवासाठी २०, ५०, १०० आणि २०० असे चार आकडे जगात एकाच वेळी चालू आहेत. आपल्या अनुसूचीतला १०० हा एके काळी एसीजीआयएचचाच आकडा होता. त्यांनी तो सोडला, आपण तिथेच राहिलो.

यंत्रणा कोणत्या आकड्यावर उभी करावी, तर सर्वांत कमी आकड्यावर, कारण टाकी झाकण्याला आणि वाफ ओढून घेणारा हवेचा नळ बसवण्याला लागणारा खर्च १०० साठी वेगळा आणि ५० साठी वेगळा नसतो. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्यांतल्या या मर्यादा ठरवण्याचे काम राज्य शासनाकडे दिले आहे. त्यामुळे आकडा पुढे बदलणारच नाही असे धरून चालू नका.

जमिनीलगतच्या पंख्यांविषयी: शुद्ध टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते हे खरे. ड्रमच्या तोंडाशी ती दाट असते आणि तिथून खाली वाहते, खड्ड्यात किंवा गटारात साचते, म्हणून आगीच्या दृष्टीने खालची हवा काढणे आवश्यकच आहे. परंतु एकदा ती हवेत मिसळली की १०० पीपीएम म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. ते मिश्रण स्वच्छ हवेपेक्षा सुमारे ०.०२ टक्के जड. यंत्राच्या उष्णतेने उठणारी हवा त्याला सहज छतापर्यंत नेते. वाकून टाकी पुसणाऱ्या माणसाचे नाक तर वाफेच्या उगमापाशीच असते. पंखा भिंतीत असेल तर मधली सगळी खोली ओलांडून वाफ त्याच्याकडे जाणार, आणि वाटेत माणसे उभी. ओढणाऱ्या नळाची आणखी एक मर्यादा अशी की नळाच्या व्यासाएवढ्या अंतरावर गेलो की हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर येतो. फुंकर दूरवर जाते, ओढ जात नाही. मेणबत्ती फुंकून विझवता येते, श्वास ओढून विझवून पाहा. म्हणून ओढणारे तोंड टाकीच्या काठालाच हवे.

मकरपुरा लघुउद्योजक

मेणबत्तीचे उदाहरण पटले. टाकीच्या काठाला फट असलेला नळ बसवायला आमच्या पत्राकाम करणाऱ्याला सांगून पाहतो. बादलीऐवजी ड्रमवर हातपंप लावला तर फरक पडेल का?

पाळीप्रमुख

मोठा फरक पडेल. बंद नळीतून द्रव टाकीच्या तळाशी सोडला की उंचावरून पडणारी धार आणि शिंतोडे दोन्ही थांबतात. मात्र ड्रम, पंप आणि टाकी तिन्ही तारेने जोडून भूमीशी बांधा (अर्थिंग करा). टोल्युईन विजेचे वाईट वाहक आहे, वाहताना त्यात स्थिरविद्युत साठते आणि त्याचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, ४ अंश आहे. वडोद्यात जानेवारीतही ठिणगी पुरेशी असते. प्लास्टिकची बादली तर आजच काढून टाका.

वैद्यकातला

मी कारखान्यांमध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून जातो. भाच्याला न तपासता निदान करणार नाही, पण कामाच्या दिवशी वाढणारे आणि सुट्टीत निवळणारे डोके जड होणे हा इतिहास द्रावकाच्या संपर्काशी जुळतो, हे नमूद करतो. उष्णतेने होणारी डोकेदुखीही सुट्टीत जाते, म्हणून तेवढ्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही. चिडचिड, विसरभोळेपणा, झोपेची तक्रार असेल तर संशय वाढतो. टोल्युईन रक्तातून काही तासांत बरेचसे उतरते, पण चरबीत मुरलेले बाहेर पडायला दिवस लागतात. सहा दिवस बारा-बारा तास असतील तर मधल्या रात्री पुरेशा नसतात.

धाग्यात अजून न आलेला एक मुद्दा म्हणजे कान. टोल्युईन आणि गोंगाट एकत्र आले की श्रवणशक्तीची हानी दोहोंपैकी एकट्याने होईल त्यापेक्षा जास्त होते. घोटणीच्या यंत्राजवळ आठ तास बसणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी, आणि ती आठवड्याच्या सुट्टीनंतर सकाळी करावी. रंगदृष्टीही तपासता येते.

त्वचेकडेही लक्ष द्या. चिंधी बुडवून पुसताना हातमोजे कोणते असतात? निळे नायट्राइलचे पातळ मोजे टोल्युईनसमोर काही मिनिटेच टिकतात, आणि नंतर आत शिरलेला द्रव मोजाच धरून ठेवतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा पांढरा मास्क वाफेला अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठी कोळशाचे डबे असलेला मास्क लागतो आणि ते डबे वेळच्या वेळी बदलावे लागतात.

दांडियाबाजारकर

डॉक्टरसाहेब, कारखान्याने मागच्या महिन्यात सगळ्यांच्या लघवीची तपासणी केली होती. भाच्याच्या अहवालात ‘हिप्युरिक आम्ल’ वाढलेले आहे. त्यावर त्याला सांगण्यात आले की हे लोणच्यामुळे होते. मला हे ऐकून हसू आले होते, पण आता विचारावेसे वाटते.

वैद्यकातला

हसण्यासारखे नाही, त्यात तथ्य आहे. आणि म्हणूनच ते सोयीचे उत्तर ठरते. टोल्युईनचे शरीरात बेंझोइक आम्ल होते आणि त्यापासून हिप्युरिक आम्ल बनून लघवीत उतरते. बाजारातली बाटलीबंद सरबते, सॉस आणि काही लोणची सोडियम बेंझोएट घालून टिकवतात. त्याचेही शेवटी हिप्युरिक आम्लच होते. चहा, कॉफी आणि काही फळांनीही ते थोडे वाढते. घरच्या तेलामिठाच्या कैरीच्या लोणच्यात बेंझोएट नसते, एवढे तुमच्या घरच्यांना सांगायला हरकत नाही. हवेतले टोल्युईन ५० पीपीएमच्या खाली आले की या चाचणीतून आहारातले आणि कामावरचे वेगळे ओळखणे कठीण होते. याच कारणाने एसीजीआयएचने ही चाचणी आपल्या यादीतून काढून टाकली. तिच्याऐवजी पाळी संपताना लघवीतले ऑर्थोक्रेसॉल (टोल्युईनपासूनच शरीरात बनणारे दुसरे संयुग) किंवा खुद्द टोल्युईन मोजतात. ऑर्थोक्रेसॉल धूम्रपानानेही वाढते, ते विचारावे. मद्य घेतलेले असेल तर टोल्युईन शरीरातून हळू बाहेर पडते, तेही विचारावे. संकोच वाटत असेल तर मामांनी नव्हे, डॉक्टरांनी विचारावे.

आणखी एक. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत ज्या व्यवसायजन्य रोगांची सूचना देणे बंधनकारक केले, त्यात बेंझीनच्या विषबाधेबरोबर त्याच्या ‘सजातीय’, म्हणजे त्याच कुळातल्या, संयुगांची विषबाधाही येते. टोल्युईन हे बेंझीनचे पहिले सजातीय संयुग. निदान निश्चित झाले तर ती केवळ कुटुंबाची खासगी बाब राहत नाही.

सयाजीबाग

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, हे मान्य. एक विचारतो: भाचा म्हणाला की त्या दिवशी वासही नव्हता. वास येत नसेल तर हवा ठीक, असे समजता येईल का?

कोळशाची नळी

त्या दिवशीच्या हवेत ४२ पीपीएम होते आणि टोल्युईनचा वास बाहेरून नव्याने येणाऱ्या माणसाला त्याहून कितीतरी कमी प्रमाणात येतो. म्हणजे वास होता, पण दोन वर्षे तिथे वावरलेल्या नाकाला तो कळला नाही. नाक सरावते, मेंदू सरावत नाही. पाहुण्याला वास आला तर ती माहिती आहे. कामगाराला आला नाही तर ती माहिती नाही.

शिवाय ते टोल्युईन किती शुद्ध आहे, हेही पाहा. स्वस्त व्यापारी मालात बेंझीनचा अंश असू शकतो आणि बेंझीन हे मानवात कर्करोग करणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. पुरवठादाराकडून विश्लेषणाचा दाखला मागवा. द्रावक मिश्र असेल, उदाहरणार्थ थिनर, तर प्रत्येक घटक आपापल्या मर्यादेच्या आत असूनही सगळे मिळून जास्त होऊ शकतात. टोल्युईन ६० (मर्यादा १००), झायलीन ३० (मर्यादा १००), ॲसिटोन २२५ (मर्यादा ७५०) असे असेल तर अपूर्णांक ०.६, ०.३ आणि ०.३, बेरीज १.२. एकाहून जास्त म्हणजे मर्यादेबाहेर, कारण तिन्ही एकाच मेंदूवर काम करतात.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. आता व्यवहाराचे विचारतो. त्याने काय मागावे, आणि कोणत्या शब्दांत? नोकरी टिकवायची आहे.

पाळीप्रमुख

तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून मागावे. कारखाने अधिनियमाच्या कलम १११-ए ने कामगाराला कामावरच्या आरोग्य-सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क दिला होता आणि नव्या संहितेतही तो हक्क आहे. अर्ज एकट्याने न देता चार-पाच जणांनी मिळून द्यावा, सुरक्षा समिती असेल तर तिच्यामार्फत. त्यात तीनच विनंत्या असाव्यात: ओतणे आणि सफाई ही कामे चालू असताना, अंगावर पंप लावून, एप्रिल-मे महिन्यात पुन्हा नमुना घ्यावा, अल्पकालीन पंधरा मिनिटांचा नमुना वेगळा घ्यावा, आणि स्वतःच्या वैद्यकीय तपासणीची प्रत मिळावी. ‘विषारी’, ‘जीवघेणे’ असे शब्द अर्जात नकोत. तासांचा आणि ओव्हरटाइमचा विषय याच अर्जात मिसळू नका, तो वेगळा आणि अधिक तापणारा आहे. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. वैद्यकीय बाजू गुंतागुंतीची झाली तर डॉक्टरांच्या पत्रासह तिथे विचारणा करता येते.

दांडियाबाजारकर

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे. सहा जणांनी अर्ज दिला. मालक आधी रागावले, मग त्यांच्या सीएच्या ओळखीतल्या एका सल्लागाराला बोलावले. अंगावरचा पंप लावून नमुना घेतला गेला. पूर्ण पाळीचा आकडा अहवालात ७१ पीपीएम आला आहे आणि सफाईच्या वेळचा पंधरा मिनिटांचा २४० पीपीएम. सल्लागाराने ७१ समोर ‘मर्यादेत’ आणि २४० समोर ‘मर्यादेबाहेर’ असे लिहिले. सफाईसाठी आता टाकीवर झाकण ठेवून लांब दांड्याचा रबरी खरडा वापरतात, चिंधी शेवटी थोडीशीच लागते. हातपंप आला आहे. काठावरच्या नळाचे काम दिवाळीनंतर करू, असे मालक म्हणतात. भाच्याची श्रवणचाचणी झाली, ती ठीक आहे. डोके अजून दुखते, पण रोज नाही.

कोळशाची नळी

काका, ते ७१ कशाने भागून आले आहेत?

दांडियाबाजारकर

नळी सकाळी आठला लावली आणि रात्री आठला काढली, एवढे अहवालात आहे. म्हणजे बाराने. आठने भागले तर १०६.५ येतात. मी कागद घेऊनच बसलो आहे; उद्या त्याच्याबरोबर स्वतः जाऊन सल्लागारांना ही एक ओळ विचारतो.